भिंतीपलीकडचा फोन

धाकट्याने टॅक्सीची चावी फिरवली. समोरचा भाडी दाखवणारा टॅबलेट उजळला, थोडा वेळ घुटमळला आणि त्याने थोरल्याचा फोन जोडून घेतला.

"हे बघ, परत तेच!" धाकटा खिडकीतून ओरडला. "ये इकडे, तुझं यंत्र काय करतंय ते बघ."

समोरच्या टॅक्सीत वायर ओवत बसलेला फिटर कंबर धरत उठला.

"काय झालं, धाकट्या बाई?"

टॅक्सी एक आणि ड्रायव्हर दोन. रात्री थोरला चालवायचा, दिवसा धाकटा. नात्याने कुणी कुणाचे नव्हते. पण एकाच गाडीच्या दोघी सवती म्हणून गॅरेजात सगळे त्यांना थोरली-धाकटी म्हणत. आता त्या दोघांनाही त्याचं काही वाटत नसे.

"गाडीत मी, फोन माझ्या खिशात, आणि हा म्हणतो रात्रपाळी! भाडं उघडतच नाही. परवा पहिलं भाडं गेलं, काल गेलं. मालक मला धारेवर धरणार, तुला नाही."

फिटरने आत डोकं घातलं. ही सोय त्यानेच बसवली होती. आधी सकाळी थोरल्याला स्वतःच्या हाताने टॅबलेटवरून आपला फोन सोडवावा लागे, मग धाकट्याने आपला जोडायचा. त्यासाठी दोघंही गाडीपाशी हवेत. फोन लवकर जुळायचा नाही. तेवढ्यात थोरला सांगून घ्यायचा, रात्री कोण बसलं, कोण भांडलं, ब्रेक कुठे कुरकुरतो. मालकाला त्यात नुसता वेळ जाताना दिसला. आता चावी भिंतीवरच्या पेटीत टाकायची, आणि जो फोन गाडीपाशी येईल त्याला टॅबलेट आपणहून धरणार. कुणी कुणासाठी थांबायचं कारण उरलं नव्हतं.

"यंत्र ठीक आहे," फिटर म्हणाला. "दोन्ही फोन जवळ असले तर हा शेवटचा जोडलेला आधी धरतो. थोरली इथेच कुठेतरी असणार."

"ती कशाला असेल? चावी टाकून केव्हाच गेली."

"मध्ये भिंत आली तरी याला कळतं." फिटरने टॅबलेटवर बोट टेकवलं. "असं करतो, सकाळी तिचा फोन धरायचाच नाही असं सांगून ठेवतो याला. मग ती भिंतीमागे असो नाहीतर डिकीत."

"थांब जरा," धाकटा म्हणाला आणि उतरला.

भिंतीमागे गाड्या धुण्याची जागा होती. तिथे जुन्या टायरांच्या थप्पीवर थोरला बसला होता. मांडीवर पिशवी, स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. बसची वाट बघावी तसा.

"थोरल्या बाई, घरी नाही गेलात?"

थोरला दचकला. "निघालोच होतो. पाय आखडले जरा."

"तीन दिवस आखडलेत?"

थोरला हसला नाही. "मागचं डावं दार नीट लागत नाही," तो म्हणाला. "किंचित उचलून ओढायचं. म्हटलं, तुझ्या कानावर घालावं."

"मग घालायचं की! मी तिथेच तर होतो."

"तू घाईत दिसलास. आणि आता सगळं आपोआप होतं म्हणतात. मध्ये कशाला कडमडायचं?"

धाकट्याला काहीतरी बोलायचं होतं. तोंडात आलं ते टॅबलेटचंच.

"तुमचा फोन इथे असला की माझा जुळत नाही. भाडी जातात माझी."

थोरला उभा राहिला. "माझ्यामुळे?" त्याने खिशातून फोन काढला आणि चोरीचा माल सापडावा तसं त्याच्याकडे पाहिलं. "अरे, आधी नाही का सांगायचं! मला काय ठाऊक?" त्याने बटण दाबून धरलं. फोनचा पडदा काळा झाला. "झाला बंद. जा आता, जा. हे पण भाडं घालवशील."

"तुम्हीही जा घरी. झोपा जरा."

"जातो की. माझ्यावाचून तिथे कुणाचं अडलंय?"

धाकटा परत आला तेव्हा टॅबलेटने त्याचा फोन धरला होता आणि भाडं उघडलं होतं.

"बघ, मी हातसुद्धा लावला नाही," फिटर म्हणाला. "करू का थोरलीचा कायमचा बंदोबस्त?"

"नको. राहू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी चावी फिरवल्याबरोबर फोन जुळला. धाकटा उगाचच टॅबलेटकडे बघत राहिला. थोरला फोन बंद करून भिंतीमागे बसलाय की घरी गेला, ते आता यावरून कळणार नव्हतं. भाडं वाजायला लागलं. गाडी तशीच चालू ठेवून तो उतरला.

धुण्याच्या जागेवर नुकतंच पाणी मारून झालं होतं. सगळी फरशी ओलीचिंब होती. टायरांच्या थप्पीसमोर मात्र शेजारी शेजारी दोन बुटांएवढी जागा कोरडी होती, आणि कडेचं पाणी हळूहळू आत सरकत होतं.