स्वच्छ माती

“पंत, तुम्ही प्लेटा उलटसुलट लावल्यात,” बाई म्हणाल्या.

“शक्यच नाही. मी नाव झाकणावर लिहीत नाही, बुडाला लिहितो. झाकणं बदलतात, बूड बदलत नाही.” प्रयोगशाळेत गमती करायचा मक्ता पंतांकडेच होता. पण आज बाईंना त्यांचं चुकलेलंच हवं होतं.

टेबलावर काचेच्या दोन प्लेटा होत्या. एकीत कारखान्याच्या नाल्याकाठच्या मातीतले जंतू वाढवले होते. त्या मातीत शिसं आणि निकेल मुरलेलं. दुसरीत तुलनेसाठी घेतलेल्या स्वच्छ मातीतले. दोन्हींवर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडलं की टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, मोकळं गोल कडं उमटतं. नाल्याकाठच्या मातीत कडी उमटणार नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. धातूच्या विषात तगायचं तर जंतूला ते विष अंगाबाहेर फेकायला शिकावं लागतं, आणि एकदा ती खोड लागली की तो मेला औषधही तसंच बाहेर फेकतो. हेच तर दोघांना सिद्ध करून दाखवायचं होतं.

पण स्वच्छ मातीतही कडी नव्हती. टिकल्यांना अगदी खेटून जंतूंचा पांढुरका थर माजला होता. फक्त कडेच्या एका टिकलीभोवती बारीकसं कडं दिसत होतं.

“ही स्वच्छ माती आणलीत कुठून हो?” पंतांनी विचारलं. “गावाबाहेरच्या माळावरून आणायची ठरली होती ना?”

बाई म्हणाल्या, “माझ्या अंगणातून. म्हटलं, मूठभर मातीसाठी कुठं वणवण करायची.”

“वा, वा! काखेतला कळसा काखेतूनच काढलात म्हणायचा!” पंत हसले आणि बाईंचं तोंड बघून हसायचे थांबले.

बाईंची लेक परवा त्याच अंगणात पडली होती. पोर एका जागी ठरत नाही म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. गुडघा चांगलाच सोलवटला, जखमेत माती गेली, काल ताप चढला. डॉक्टरांनी औषध सुरू केलं. आज सकाळी अंग जरा निवल्यासारखं वाटलं, तेव्हा तिला नवऱ्याच्या हवाली करून बाई कामावर आल्या होत्या.

त्यांनी प्लेट उजेडात धरली आणि भिंगरीच्या औषधाची टिकली शोधली. तिच्याभोवती तसूभरही मोकळी जागा नव्हती. पंतांनी त्यांच्या हातून प्लेट काढून घेतली.

“अहो, मातीतला प्रत्येक जंतू जखमेत घर करतोच असं नाही,” पंत म्हणाले.

“माहीत आहे! आजवर सगळ्या जगाला मीच सांगत आलेय ते.” बाईंचा आवाज चिरकला. “पण पोर माझी आहे हो, पंत. मला भीती वाटतेय. काय करू?”

“डॉक्टरांना फोन लावा. कडं उमटलंय ते औषध त्यांच्या कानावर घाला. आधी लावा, मग रडा.”

डॉक्टर आधी वैतागले. “एका दिवसात गुण येतो का, बाई? जरा दम धरा की.” पण प्लेटेत काय दिसलं ते ऐकल्यावर त्यांचा सूर उतरला. “असं करा, वाट बघू नका. आत्ताच्या आत्ता घेऊन या तिला. जखमेतला पू तपासायला पाठवू आणि औषधाचं मी बघतो.”

घरी फोन आबांनी उचलला. आबा म्हणजे बाईंचे वडील. सारी हयात त्यांनी याच घरामागच्या शेडमध्ये नळांना आणि सायकलच्या हँडलांना निकेलचा मुलामा दिला होता.

“बरं झालं फोन केलास. ताप परत चढलाय गं,” आबा म्हणाले. “जावईबापू निघालेतच तिला घेऊन. गाडी फाटकाबाहेर उभी केलीय.”

पुढचं विचारायचा बाईंना धीर होत नव्हता, पण विचारल्याशिवाय राहवेना. “आबा, मुलाम्याच्या टाकीतलं जुनं पाणी तुम्ही कुठं ओतायचात?”

“टाकीतलं? ते आता कशाला उकरतेस?” आबा म्हणाले, “गटारात कधी सोडलं नाही बघ मी. बाकीचे खुशाल सोडायचे. पण गटाराच्या कडेला लोकांची पोरं खेळतात गं, मनाला पटायचं नाही. आपलं आपल्याच अंगणात खड्डा करून जिरवायचो. का गं?”

मागून भिंगरीचं कण्हणं ऐकू येत होतं. “फाटकापर्यंत चालशील ना, राणी?” नवरा तिला विचारत होता.

“आबा!” बाई ओरडल्या. “तिला चालवू नका. उचलून न्या म्हणावं. अंगणात पाय टेकवू देऊ नका तिला!”