अठरा किलोंचा संशय

आबासाहेबांनी मोबाइलमधला फोटो बघितला, मग लेकीसाठी बघितलेल्या, समोर पोहे खात बसलेल्या शिवराजकडे बघितलं. फोटो दोन वर्षांपूर्वीचा, शिवराजच्या थोरल्या भावाच्या लग्नातला. त्यात त्याची गळ्याची हाडं मोजून घ्यावीत. समोरच्या शिवराजच्या शर्टाचं पोटावरचं बटण मात्र तुटायच्या बेतात होतं.

आबासाहेब टेंभुर्णीकडचे. बोकडांचा व्यापार करता करता केस पांढरे झालेले. जनावराच्या पाठीवर हात ठेवायचे आणि वजन सांगायचे. अंदाज अर्ध्या किलोच्या पुढे कधी चुकला नाही. शिवराजच्या पाठीवर तर हात ठेवायचीही गरज नव्हती. सत्तर. फोटोतला बावन्न.

दोन वर्षांत अठरा किलो!

"अंगानं चांगले भरलात की," ते म्हणाले.

"व्हय मामा. अलीकडं अंगी लागतंय." शिवराजनं मान खाली घातली.

ती खाली गेलेली मान आबासाहेबांना अजिबात आवडली नाही. बाजाराला निघताना वजन वाढवायला बोकडाला मीठ चारून पाणी पाजणारे व्यापारी गिऱ्हाइकासमोर असेच खाली बघतात.

"मी तुमच्यापासनं कायबी लपवलेलं न्हाय," शिवराज म्हणाला. "पहिल्याच भेटीत सगळं सांगितलंय. कागदबी दाखवलेत."

"बघितलेत की कागद."

कागदाचं काय घेऊन बसलात! आबासाहेबांच्या भावकीत एकानं जित्याजागत्या चुलत्याचा मृत्यूचा दाखला काढून आणला होता. चुलता अजून रोज पारावर बसून तंबाखू मळतो.

सोलापूरहून घरी आल्यावर विजयमालाबाई नवऱ्यावर कावल्या.

"किती शंका काढताल? पिंकीला पोरगं पसंत हाय. आधीची दोन स्थळं दारातनं माघारी गेली. हेबी घालवताय काय?"

"एकुलती एक पोर हाय. पाच एकर बागाईत उद्या तिचंच व्हणार. जमिनीपायी माणूस वाट्टेल ते सांगतंय. लगीन झाल्यावर खोटं उघडं पडलं, तर पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

आतल्या खोलीत पिंकीनं मोबाइलवरच्या गाण्याचा आवाज बारीक केला. पोरगी कान देऊन ऐकतेय हे कळलं आणि बापाचं आतडं तुटलं. पण शंका काही हलेना.

पुढच्या आठवड्यात ते एकटेच सोलापूरला आले. शिवराजच्या गल्लीच्या तोंडाशी गुरुलिंगचं औषधाचं दुकान होतं. आबासाहेबांनी खोकला नसताना खोकल्याची बाटली घेतली आणि गप्पांना सुरुवात केली.

"शिवराज? लई गुणी पोरगं," गुरुलिंग म्हणाला. "आमच्या दुकानातनं कधी डोकेदुखीची गोळी न्हेली न्हाय बघा. लोखंड हाय लोखंड!"

दुसरा कुणी असता तर पेढे घेऊन घरी गेला असता. आबासाहेबांचा संशय दुणावला.

शिवराज टॉवेलच्या ज्या कारखान्यात सुपरवायझर होता, तिथल्या वॉचमननंही तेच गाणं लावलं. जेवायला बसला की चार भाकरी. वर्षभरात आजारपणाची एक रजा नाही. फक्त महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी तेवढा उशिरा येतो.

"कुटं जातो?"

"ते कुणालाच सांगत न्हाय. ह्या मंगळवारीबी जाणार हाय की."

मंगळवारी सकाळी आबासाहेब तोंडावर टॉवेल ओढून रिक्षात बसले आणि शिवराजची मोटरसायकल दाखवून म्हणाले, "त्येच्या मागं घ्या."

"पोलीस हाय काय, मामा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"सासरा. अजून व्हायचाय."

रिक्षावाल्यानं आणखी काही न विचारता गाडी दामटली.

मोटरसायकल सरकारी दवाखान्यात शिरली आणि मागच्या एका बैठ्या इमारतीकडे वळली. बाहेर बाकांवर माणसं बसली होती. काहींनी तोंडाला रुमाल बांधले होते. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. दारावर पाटी होती: एआरटी केंद्र. खाली लिहिलं होतं, एचआयव्हीबाधितांसाठी मोफत औषधोपचार.

आबासाहेबांनी पाटी दोनदा वाचली. पण अशा जागी माणूस कुणाला सोबत म्हणूनही येतो. ते खांबाआड उभे राहिले आणि उघड्या दारातून बघू लागले.

"चढा काट्यावर, शिवराज," सिस्टर म्हणाल्या. "एकाहत्तर! मागच्या खेपेला सत्तर होतं. गोळ्या बदलल्यापासून वाढतंच चाललंय तुमचं. होतं काही जणांचं असं, काहींचं तसूभर वाढत नाही. रोज चालायला लागा, एक भाकरी कमी करा. पण वजन वाढलं म्हणून गोळी चुकवायची नाही, कळलं?"

त्यांनी त्याच्या बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि वहीत लिहिल्या.

बाहेर येताना शिवराजला खांबाआडचे आबासाहेब दिसले. तो जागीच थबकला.

"मामा? तुमी हितं?"

आबासाहेब जवळच्या बाकावर बसले आणि तोंडात टॉवेल धरून हमसून हमसून रडले. आजवर शेकडो जनावरांची वजनं सांगितली, पण माणसाचं अंग कशानं भरतं ते या वयात कळत होतं. शिवराज पाण्याची बाटली घेऊन समोर उभा राहिला.

"बघितलंत न्हवं समदं?" त्यानं हळूच विचारलं.

"बघितलं."

आबासाहेबांनी डोळे पुसले आणि घरी फोन लावला. विजयमालाबाईंनी तो पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झालं वं? बोला की."

आबासाहेबांनी आवाज अगदी खाली आणला.

"मालू, तारीख धर. पोरगं खरं बोलत हुतं, आपल्या पिंकीवानी त्यालाबी एचआयव्ही हाय."