चावडीतली डबी

न्यायाधीशांनी डबी उघडली. आत एकही गोळी नव्हती.

देवळाच्या ओवरीत कोर्ट भरलं होतं. औंध संस्थानात तशीच रीत पडली होती. न्यायाधीश गावात येत आणि गावचे पंच शेजारी घेऊन निवाडा करत. ही डबी दोन महिने चावडीच्या पेटीत होती. पेटीची किल्ली सरपंच हंबीररावांकडे होती.

"उंदरांनी न्हेल्या असतील," हंबीरराव म्हणाले. बाकीचे दोन पंच मान खाली घालून बसले होते.

समोर उभ्या असलेल्या अंजनानं रिकाम्या डबीत डोकावून पाहिलं. तिचा नवरा आकाराम संधिवातानं तीन वर्षं घरात पडून होता. महायुद्धामुळं इंग्रजी औषध मिळेनासं झालं, तेव्हा तिनं सांगलीच्या बाजारातून नानासो औषधवाल्याच्या गोळ्या आणल्या. आठव्या दिवशी आकाराम काठी टाकून देवळाच्या पायऱ्या चढला. ते सगळ्या गावानं डोळे भरून पाहिलं. महिन्याच्या आत तो तडफडून मेला, तेव्हा मात्र जवळ अंजना एकटीच होती. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? बायकोनंच काहीतरी चारलं, असं पाणवठ्यावर उघड बोलू लागले. म्हणून तिनं औषधवाल्यावर फिर्याद केली आणि उरलेली निम्मी डबी पंचांच्या हवाली केली. गोळ्या आज तपासणीसाठी पुण्याला जायच्या होत्या.

"सुंठ आणि गुग्गुळ, साहेब. दुसरं काही घालत नाही मी," नानासो हात जोडून म्हणाला.

न्यायाधीश अंजनाकडे वळले. "तुमचं म्हणणं खरं असेल, बाई. पण पुराव्याशिवाय मी काय करू?" त्यांनी कागद गुंडाळले.

भर दुपार होती, चैत्रातली. पटांगणाची फरशी तव्यासारखी तापली होती. माणसं चटके खात, उड्या मारत आपापल्या वहाणांकडं पळाली. औषधवाला तर सगळ्यांच्या पुढं होता. हंबीरराव मागून सावकाश आले. एरवी गुडघेदुखीमुळं उठताना दोघांचे खांदे लागायचे या म्हाताऱ्याला. आज तो एकटा, ताठ चालत आला आणि अंजनासमोर भर उन्हात थांबला.

"पोरी, आकारामला पयलं काय झालं हुतं गं?"

"मालकांच्या तळव्यांस्नी कायबी कळंना झालं, आबा. जळत्या इस्तवावर पाय पडला, तरी तसंच उबं हुतं. मला वास आला तवा मी वडून काढलं."

"मग? त्येच्यापुढं किती दिस काढलं त्यानं?"

"बारा."

हंबीररावांनी आपल्या पायांकडं पाहिलं. त्यांच्या मागं ते दोन पंचही येऊन उभे राहिले होते. तिघंही अनवाणी होते आणि एकाचाही पाय हलत नव्हता. गोळ्या कुठं गेल्या ते कळून अंजनाला आधी संताप आला. मग मात्र तिला ते बारा दिवस आठवले.

वेशीकडं न्यायाधीशांचा टांगा निघाला होता.

"सायबाला हाक मार," हंबीरराव म्हणाले. "म्हणावं, पुरावा हितं उबा हाय."