भित्रे सरडे

संशोधन केंद्राच्या आवारातले सरडे पूर्वी माणूस जवळ आला तरी खुशाल ऊन खात बसायचे. आता पाऊल वाजलं की पसार होतात. संचालकांनी बैठकीत कारण विचारलं. सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. नुकतीच रुजू झालेली मुलगी म्हणाली, “सर, इतकी वर्षं अभ्यासासाठी आपण धीट तेवढे पकडून नेले. मागे राहिले ते भित्रे. त्यांचीच पिल्लावळ वाढली.”

“मुद्दा बरोबर आहे,” संचालक म्हणाले. “मग आजवर हे कुणी बोललं कसं नाही?”

सगळे आपापल्या वह्या आवरू लागले.

बाहेर पडताना सगळ्यांत जुने सहकारी तिला हळूच म्हणाले, “तुझ्या खुर्चीवर आधी एक मुलगा बसायचा. तो बोलला होता. त्याच्या आधीच्या बाईही बोलल्या होत्या.”