सगळे मेटल पार्ट

रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या ट्रकचा पुढचं चाक धरणारा आर्म पुन्हा तुटला, तसा निवृत्त बसड्रायव्हरने लेकीला फोन लावला. "बारीक स्क्रू दिसत नाहीत गं मला, हातही थरथरतो." नर्सची ड्यूटी उरकून ती दमूनभागून आली. प्लास्टिकचा नवा आर्म बसवायला तिला दहा मिनिटं लागली, चहा आणि गप्पा मात्र तासभर चालल्या.

"बाबा, दर आठवड्याला नाही हो झेपत मला आता," निघताना ती म्हणाली. पुढच्या खेपेला आर्म, गिअर, शॉकअब्सॉर्बर सगळंच मेटलचं घेऊन आली आणि एका बैठकीत बसवून मोकळी झाली. राहिलेले प्लास्टिकचे आर्म तेवढे फेकून द्यायला सांगून गेली.

"खेळण्यावर एवढा खर्च?" म्हातारा कुरकुरला होता. पण पार्ट खरंच दणकट निघाले. त्याने ट्रक जिन्यावरून सोडला, भिंतीवर आपटला. भिंतीचा पोपडा निघाला, ट्रकला साधा ओरखडा नाही. महिना झाला, लेकीचा नुसता फोन यायचा.

"कशी आहे गाडी?"

"ठणठणीत आहे, बाई."

"बघा, पैसे वसूल! मलाही सुट्टीच्या दिवशी जरा झोप मिळते."

फोन ठेवून त्याने ट्रक मांडीवर उलटा घेतला.


चष्माही न लावता, हात जराही न थरथरता, त्याने एकेक बारीक स्क्रू काढला आणि प्लास्टिकचा आर्म परत बसवला.