मॅटवर बोटं उठत नाहीत

सुकापूरच्या नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावायला रिवकाच्या नवऱ्याला, अवीवला, हाच फोटो मोठा करून हवा होता. फोटो रिवकाच्या मेंदीचा होता, पण त्यात अवीवच्या खांद्याला खेटून हसत होती ती तिची धाकटी बहीण एलिशेबा.

"यात तू काय छान आलीयस!" तो म्हणाला होता. कोण छान आलंय ते न कळायला रिवका काही दूधखुळी नव्हती. एलिशेबा कधीची इस्राएलला गेली, तरी तिचं कौतुक सरत नव्हतं.

स्टुडिओवाल्या परेशने आधी ग्लॉसी कागदावर नमुना काढला. एलिशेबाचा चेहरा नुसता झळकत होता. अवीवच्या खांद्यावर मात्र बोटांचे ठसे होते. रिवकाने ते ओढणीने पुसले, पण गेले नाहीत.

"ग्लॉसीवर बोटं उठतातच, वहिनी. मॅट घ्या. चमक मरते, पण डाग पडत नाही."

चमक मरते म्हटल्यावर रिवकाला बरं वाटलं. "मॅटच काढा."

मशीनमधून प्रिंट सरकत बाहेर आली. एलिशेबा खरंच फिकी पडली होती. पण खांद्यावर तेच ठसे होते, आता गडद, मेंदीच्या रंगाचे, घट्ट धरल्यासारखे.

"या प्रिंटला तर अजून कुणी हातसुद्धा लावला नाही," परेश पुटपुटला.

रिवकाने प्रिंट डोळ्यांजवळ नेली. एलिशेबाच्या दोन्ही हातांत मेंदीचं ताट होतं.

तेवढ्यात स्कूटर लावून अवीव आत आला. "ठरला का गं कागद?"

त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या त्याच खांद्यावर मेंदीची चार बोटं उठली होती. अजून ओली.