पदराआडचे पंजे

बनुबाईनं कापसागत पांढरं कुत्र्याचं पिल्लू पुढचे जाड पंजे झाकून पदरात गुंडाळलं. पंजे दिसले असते, तर शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं.

"सूनबाईला टीव्हीत दिसतं तसलं लहान जातीचं पाहिजे," रंभाजीराव म्हणाले. "केवढं होईल हे?"

"लई तर मांजराएवढं, मालक. मांडीवर मावंल."

"आणि याचा बाप केवढा होता?"

"त्यो आता न्हाई," बनुबाई म्हणाली.

रंभाजीराव खुशीत पिल्लू मारुतीत घालून घेऊन गेले. धूळ बसेपर्यंत बनुबाई बघत राहिली. तिची मेंढरं उसात शिरली म्हणून रंभाजीरावांनी गेल्या महिन्यात तिचा राखणीचा कुत्रा भाकरीत विष घालून मारला, तोच याचा बाप. त्याला पुरायला न्यायचं, तर उचलायला दोन गडी लागले होते.